जागल्याचं शिक्षण

सात नंबरच्या खाटेवरच्या काकूंचा श्वास हर्षालीला सकाळीच उथळ वाटला होता. पण बोलायची बिशाद कुणाची? नर्सिंगची विद्यार्थिनी म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या या कक्षात ती आली, त्याच आठवड्यात धुमाळ सिस्टरांनी तिला रुग्णांदेखत सोलून काढलं होतं. "अक्कल गहाण ठेवून आलीस का गं?" गुन्हा एवढाच, की एका आजोबांची नाडी जलद लागतेय असं ती म्हणाली. तेव्हापासून सिस्टरांच्या चपला वाजल्या, की पोरगी मान खाली घालून कामाला लागे.

वर छताला जागल्या होता. सगळ्या खाटांवर नजर ठेवणारं हे स्वयंशिक्षित यंत्र पूर्वी ऊठसूट हाका मारायचं, हल्ली मात्र शहाण्यासारखं गप्प असे. त्याच्याकडून शिका, असं सिस्टर मुलींना सुनवायच्या. आज त्या स्वतःच पित्ताशय काढून चार नंबरवर पडल्या होत्या, आणि जागल्या बसवणारे अभियंता शेलार दाराशी डॉक्टर मुजुमदारांना त्याची कर्तबगारी सांगत होते.

"याला नियम शिकवलेले नाहीत, डॉक्टर. कक्षात कुणी काही सांगितलं आणि माणसं धावली, तर सांगणं बरोबर. कुणी खेकसलं, तर चूक. एका प्रसंगातही शिकतं."

"खेकसणं यंत्रावर, की या पोरींवर, ते कळतं त्याला?"

शेलार घुटमळले. "नाही. खेकसणं तेवढं कळतं."

ते ऐकून हर्षालीने चटकन छताकडे पाहिलं. तिच्यासमोर सिस्टरांचे ओठ पांढरे पडत होते. कपाळ घामाने थबथबलं होतं आणि पोट हाताला टणक लागत होतं. जागल्याचा दिवा मात्र हिरवाच होता.

"यंत्र गप्प आहे ना?" सिस्टर कशाबशा पुटपुटल्या. "मग तू कशाला..."

मेले तरी बोलायचं नाही, असं हर्षालीला क्षणभर वाटलं. मग तिने डोळे मिटून घेतले आणि ती ओरडली, "डॉक्टर, यांना आतून रक्तस्राव होतोय!"

सगळे धावले. बघता बघता सिस्टरांना शस्त्रक्रियागृहाकडे नेलं. हर्षालीवर कुणीही खेकसलं नाही.

कितीतरी दिवसांनी जागल्याला कंठ फुटला.

"खाट सात. श्वास थांबला आहे. सकाळपासून उथळ होता."

हर्षालीने धावत जाऊन काकूंचा हात धरला. तो गार लागला.