रुमालातला प्रसाद

रीमा डिमेलोने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं… आणि पुढच्याच मिनिटाला त्याच्यामागे धावायची पाळी आली!

झालं असं, की नारपोलीचा धनेश चर्चने मागवलेला पांढऱ्या कापडाचा तागा पोचवायला आला होता. कापड विणायचे घरचेच लूम त्याचे. आत रविवारची प्रार्थना, मिस्सा, चालू होती, लोक रांगेत सरकत होते. हा पठ्ठ्याही लागला रांगेत! देवाच्या दारात येऊन तसंच कसं जायचं? फादरनी तळहातावर पवित्र भाकर ठेवली. धनेशने ती कपाळाला लावली, रुमालात गुंडाळली आणि खिशात घातली. मागे उभ्या रीमाने ते पाहिलं. रांग सोडून ती तशीच धावली.

"अहो, थांबा! खिशात काय घातलंत?"

"प्रसाद. आईला नेतोय. एकट्यानं खात न्हाय आम्ही."

"अहो, आमच्यासाठी तो… तो साक्षात येशू आहे!"

धनेश पांढराफटक पडला. "अरे देवा! आणि मी खिशात…"

थरथरत्या दोन्ही हातांनी त्याने रुमाल फादरपुढे धरला. फादरनी ती भाकर स्वतः खाल्ली. म्हणाले, "नकळत झालं ते पाप नसतं, पोरा." रीमाला मात्र ते थरथरणारे हात आवडून बसले. संपलं की हो सगळं!

मग तो दर रविवारी यायला लागला. शेवटचा बाक, आणि नंतर दोघांचा कटिंग चहा.

"तुमच्या देवाला रविवारीच वेळ असतो?"

"देवाला रोज असतो. तुम्हालाच रविवारी असतो!"

हळूहळू 'अहो'चं 'अरे' झालं. एक दिवस रीमा चाचरत म्हणाली, "आई म्हणते… मुलगा आपल्यात आला तरच लग्न."

"मग घेतो की बाप्तिस्मा! त्यात काय?"

रीमाला नाचावंसं वाटलं. गप्प राहिली असती तर सगळं जमलंच होतं. पण मन खायला लागलं.

"धनेश… मी नसते, तर घेतला असतास?"

त्याने ग्लास खाली ठेवला. "न्हाय. येशू आवडतो गं मला. पण घरातून निघताना हात गावदेवीलाच जोडले जातात."

"मग नको घेऊस."

"अगं, आणि आपलं लग्न?"

"माहीत नाही! पण माझ्यासाठी देवापुढे खोटं बोललास, तर जन्मभर तुझ्याकडे कशी बघू?" आणि भर रस्त्यात तिला रडू फुटलं.

पुढच्या रविवारी शेवटचा बाक रिकामाच. मिस्सा कधी संपली, तिला कळलंही नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी तो आला. रांगेत लागला. रीमा बाकावर पुढे सरकली. आता हा काय करणार? फादरसमोर पोचल्यावर धनेशने दोन्ही हात छातीवर आडवे धरले. बाप्तिस्मा न झालेले इथे तसेच उभे राहतात, फक्त आशीर्वादासाठी. फादरनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

रीमाशेजारी बसलेल्या तिच्या आईने डोळे टिपले. "खोटं आमेन म्हणून बाप्तिस्मा घेतला असता, तर मला कळलंसुद्धा नसतं," ती पुटपुटली. मग रीमाला कोपराने ढोसलं. "विचार फादरना… अशा लग्नाला बिशपची परवानगी कशी काढतात ते!"

रीमा बाहेर धावली, एका दमात त्याला सगळं सांगून मोकळी झाली. पाऊस भुरभुरत होता. धनेश डोकं खाजवत म्हणाला, "आज पण रिकाम्या हातानं घरी जाऊ? आई विचारेल ना, माझ्यासाठी काय आणलंस…"

रीमाने त्याच्या खिशातला रुमाल ओढला आणि डोक्यावर धरला.

"मला ने."