घरधन्याचे शब्द

आमच्या फुलांच्या उत्सवाचा तिसरा दिवस मेलेल्यांचा. ते शहरात येतात, घराघरांत फिरतात आणि संध्याकाळी घरधनी त्यांना बाहेर जायला सांगतो; मग त्यांना थांबता येत नाही. मेलेले डांबराला बिचकतात, म्हणून आदल्या दिवशी अथेन्सभर दारांना ते फासतात. मी फासतच होतो, तेव्हा माझा थोरला भाऊ फिलाग्रोस गल्लीतून चालत आला.

दोन वर्षांपूर्वी सिसिलीच्या वाटेवर त्याचं गलबत बुडालं होतं. प्रेत मिळालं नव्हतं.

तो दारापाशी थांबला आणि ओल्या डांबराकडे बघत राहिला. आईनं हाताला धरून ओढलं, तेव्हा आत आला. त्याची बायको लिसिला लगेच पाणी तापवायला गेली. तिनं त्याचे पाय गरम पाण्यानं धुतले. तरी ती मधूनमधून चुलीपाशी जाऊन स्वतःचे हात शेकत होती.

शेजारी जमले. कुठल्या बंदरात होतास, कुणी सोडवलं, असं प्रत्येकानं विचारलं. त्यानं दरवेळी पटेल असं उत्तर दिलं. फक्त बंदर दरवेळी वेगळं होतं.

उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी आईनं मेलेल्यांसाठी धान्य शिजवलं. जिवंत माणूस ते तोंडात घालत नाही. फिलाग्रोसनं मडकं मांडीवर घेतलं आणि हातानं खाऊन संपवलं.

"परदेशात राहून रीत विसरला," आई म्हणाली. "भुकेलाय रे तो, निकोन. असा टक लावून बघू नकोस."

दुपारी लिसिलानं मला अंगणात गाठलं. मेलेल्यांना निरोप द्यायचे शब्द दोन वर्षं मीच म्हणत होतो; आज ते म्हणूच नका, असं तिचं म्हणणं होतं.

"तो दादा नसला तर, वहिनी?"

"दोन वर्षं रिकाम्या थडग्यावर तेल ओततेय मी, भावजी. आहे तसा राहू द्या."

मी तोडगा काढला. घरधनी तोच, तेव्हा शब्द त्यानंच म्हणायचे. मेलेल्याच्या तोंडून ते निघायचे नाहीत. निघाले, तर तो माझा भाऊ, आणि वहिनीचा संसार पुन्हा उभा.

ऊन उतरलं. गल्लीत घरोघरी निरोपाची हाक ऐकू येऊ लागली.

"दादा, घर तुझं आहे," मी म्हटलं. "तूच म्हण."

तो हसला. "धाकट्या, मी म्हणू? बघ हं."

"म्हण."

तो चुलीपाशी उभा राहिला. आवाज अगदी स्वच्छ होता.

"बाहेर व्हा. उत्सव संपला."

लिसिला रडता रडता हसली. मलाही हायसं वाटलं.

मग आई उठली आणि दाराकडे चालू लागली.

मागोमाग मी उठलो. का, ते मला आजही सांगता येत नाही. लिसिला माझ्यामागून आली.

आम्ही तिघं गल्लीत उभे राहिलो. दाराला आतून अडसर लागला.

"लिसिला," आतून फिलाग्रोसनं हाक मारली.

"आले हं," आतून लिसिलाचा आवाज आला.

माझ्याशेजारी उभ्या असलेल्या लिसिलानं दोन्ही हातांनी आपलं तोंड घट्ट दाबून धरलं होतं.