जाड पाकीट

बहारीनमध्ये पाऊस वर्षातून चार-पाच दिवस पडतो, म्हणून त्याच्यासाठी कुणी गटारं बांधलेली नव्हती. ब्याऐंशीच्या डिसेंबरात त्यातला एक दिवस नेमका माझ्या वाट्याला आला. मनामाच्या पोस्टाच्या पायऱ्यांवर मी उभी. एका हातात चपला, दुसऱ्या हातात छातीशी धरलेलं खाकी पाकीट, आणि मागे रस्त्याचं तळं झालेलं. पाकिटाचा एक कोपरा भिजून काळा पडला होता.

"असं धरलंत तर पत्ता तुमच्या ओढणीवर उमटेल," शेजारून कुणीतरी म्हणालं.

"मी मराठी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आत्ता पावसाला जे काही म्हणालात, ते मराठीत होतं."

मी वळून पाहिलं. उंच, हडकुळा. पँट दुमडलेली, पण एक पाय वर, एक खाली. कमरेला चाव्यांचा जुडगा, खांद्याला टपालाची कॅनव्हासची पिशवी. नखं स्वच्छ. हसताना आधी डावा गाल हलतो, मग उजवा. नवा माणूस दिसला की मी अशी त्याची नोंद करून ठेवते, ही माझी लहानपणापासूनची खोड. माणसं कुणाकडे कितीदा बघतात, कधी नजर चुकवतात, सगळं माझ्याकडे जमा असतं. मला वाटायचं, मला कुणी फसवूच शकणार नाही.

त्याने माझ्या हातातलं पाकीट घेतलं, शर्टाला पुसलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवलं. सरकवता सरकवता वाचलंच.

"अमेरिका. कोण असतं तिथे?"

"अजून कोणी नाही. मी जाणार आहे."

"आणि हा खालचा बॉक्स नंबर... हा तर माझा."

"तुमचा कसा? कंपनीचा आहे."

"कंपनीचा. पण चावी माझ्याकडे." त्याने जुडगा वाजवून दाखवला. "म्हणजे तुम्ही गॅरेजच्या महादेव परबांच्या कन्या. मी सदानंद तिर्लोटकर, टाइमकीपर. टपालही मीच आणतो."

तिकडे पोस्टमन दारात येत नाही. पत्र येतं ते पोस्टातल्या पेटीत, आणि पेटी कंपनीच्या नावाची. दीडशे माणसांची बाळंतपणं, बारसी, भांडणं त्या एका पोलादी कप्प्यात येऊन पडायची. माझं भविष्यही तिथेच येऊन पडणार होतं. ते कोण बाहेर काढणार, हे मला त्या दिवशी कळलं... आणि खरं सांगते, आवडलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ईसा टाउनच्या शाळेतून बारावी होऊन झिंजमधल्या फ्लॅटमध्ये आईला कोथिंबीर निवडून देत बसले होते. जीवशास्त्राच्या बाईंनी ओहायोतल्या एका चिमुकल्या खाजगी विद्यापीठाचं माहितीपत्रक दिलं होतं. एकूण विद्यार्थी नऊशे, म्हणजे आमच्या शाळेपेक्षाही कमी. पण परदेशातून येणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला तिथे दरवर्षी पूर्ण शिष्यवृत्ती मिळायची. बाबांनी यावर महिनाभर विचार केला आणि एका शुक्रवारी, जेवण झाल्यावर, निकाल दिला.

"जूनच्या लिव्हाक गावाक जावचा आसा. तोपर्यंत कागद इलो, तर तू अमेरिकेक. नाय इलो, तर मालूमावशीन आणलेला स्थळ बघूचा. मगे रडूचा नाय. खलास."

मालूमावशीने आणलेलं स्थळ कणकवलीत सिमेंटचं दुकान चालवत होतं. फोटोत ते खुर्चीवर बसलेलं नव्हतं, खुर्ची त्याच्याखाली सापडली होती.

तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून गुरुवारी काम अर्धाच दिवस; जानेवारीतल्या अशाच एका गुरुवारी दुपारी सदानंद आमच्या जिन्यात उभा राहिला. हातात अमेरिकेचं पत्र. मी ते बोटांत धरून चाचपलं.

"पातळ आहे."

"मग?"

"बाई सांगतात, जाड पाकीट आलं तर होकार. त्यात वसतिगृहाचे, व्हिसाचे फॉर्म असतात. पातळ असलं तर नकार. नाही म्हणायला एक कागद पुरतो."

"आधी उघडा तरी."

नकार नव्हता. त्यांना बाबांच्या कंपनीचं एक पत्र हवं होतं. सदानंद म्हणाला, मी टाइप करून साहेबांची सही घेतो. पुढच्या गुरुवारी मसुदा घेऊन आला. अकरा ओळी, नऊ चुका.

"तुमची आणि टाइपरायटरची नीट ओळख झालेली दिसत नाही."

"परत करतो. बुधवारी आणू?"

"गुरुवारीच आणा. बुधवारी आमच्याकडे दूध संपलेलं असतं."

गुरुवारी आला. आईने दूध जास्त घालून चहा दिला. मी कागद तपासला.

"मागच्यात नऊ होत्या, यात बारा. प्रगती आहे."

तो जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला, "चूक राहिली नाही, तर परत यायला काय कारण सांगू?"

मी कागद दुमडला... उलगडला... परत दुमडला. त्या दिवसानंतर आम्ही एकमेकांना अहो-जाहो केलं नाही.

फेब्रुवारीत आम्ही अदलिया भागातल्या एका दुकानात दोनदा ज्यूस प्यायलो. माझी मैत्रीण बिल्किस दोघांच्या मध्ये बसायची, म्हणजे कुणी पाहिलं तर आम्ही दोघी मैत्रिणी आणि एक ओळखीचा माणूस.

"मी काय तुमच्यातली भिंत?" बिल्किस म्हणायची. "निदान मला तरी मोठा ग्लास पाजा."

तो तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघायचा. एका ग्लासात अकरा वेळा.

"पाकीट आलं, तर किती वर्षं?" त्याने एकदा विचारलं.

"चार."

"चार," तो म्हणाला, आणि त्याच्या हातातली स्ट्रॉ मधोमध मोडली. मी तीही प्रेमाच्या खात्यात टाकली. मनाशी ठरवूनही टाकलं, की जाड पाकीट ज्या दिवशी हातात पडेल, त्याच दिवशी याला सांगायचं — थांब. चार वर्षं थांब, रोज लिहीन. आधी नाही सांगायचं, कारण जायचंच ठरलं नाही तर थांब कशासाठी म्हणायचं?

मार्चच्या शेवटापासून मी दर गुरुवारी दारातच विचारायची, "जाड की पातळ?"

तो हात उलटे करून दाखवायचा. "मफी."

नाही म्हणायचा हा तिकडचा शब्द आहे. त्याच्या तोंडी तो इतका मऊ वाटायचा, की मला वाईट वाटायचं विसरायलाच व्हायचं. एप्रिलभर तो फार प्रेमळ होता. बाजारातून मोगऱ्याचा गजरा आणायचा, आईसाठी एक, माझ्यासाठी एक. पत्रांचं काय, उशीर होतो म्हणायचा, अमेरिका काय जवळ आहे? आणि माझ्याकडे कमी बघायचा. एका चहात दोनदा, कधी एकदाच. लाजतो, असं मी धरलं.

मेच्या मध्यावर त्याला ताप आला. टपाल घेऊन कंपनीचा बहारीनी ड्रायव्हर हाशिम आला. खालूनच ओरडला, "यल्ला, परब की बेटी, अमरिका का खत."

पातळ पाकीट होतं. आत एकच कागद. 'मार्चमध्ये आम्ही आपल्याला प्रवेश आणि पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली होती. एक मेपर्यंत उत्तर न आल्याने ती जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला देण्यात आली आहे. पुढील वर्षासाठी आपण पुन्हा अर्ज केल्यास आम्हाला आनंद होईल.'

मी तीन वेळा वाचलं. पहिलं पत्र टपालात हरवलं असणार, असं मला खरंच वाटलं. दोन दिवसांनी सदानंद कामावर आला, तेव्हा त्याला गाठायला मी पोस्टात गेले. तो पेट्यांच्या भिंतीसमोर उभा राहून पत्रं लावत होता. तापाने गाल बसले होते. मला दया आली.

"सदा, विद्यापीठाचं पत्र आलं."

जाड की पातळ, असं त्याने विचारायला हवं होतं. तो म्हणाला, "दुसरं?"

बस. एवढंच म्हणाला, आणि मग त्याच्या हातातली पत्रं एकेक करून खाली पडायला लागली.

"कुठे आहे पहिलं?"

त्याने पिशवीच्या तळातून काढून दिलं. सात आठवडे रोज खांद्यावर वागवलेलं. कोपरे झिजून पांढरे पडलेले, पण चिकटवलेलं तोंड तसंच.

"उघडलं नाहीस?"

"दुसऱ्याची पत्रं मी उघडत नाही."

मला हसू आलं. मी इतकी हसले, की तिकिटांच्या खिडकीवरच्या माणसाने मान बाहेर काढली.

"एकतीस मार्चला आलं," सदानंद हळूच बोलायला लागला. "हातात घेतल्याबरोबर कळलं, होकार आहे. तूच सांगितलं होतंस. त्या गुरुवारी देणारच होतो, मंगला. तू दारात उभी होतीस, केस ओले होते... म्हटलं, आज नको, पुढच्या गुरुवारी देऊ. मग पुढच्या. मग उत्तराची मुदत उलटली असणार, असं वाटलं, तेव्हा तर देणंच अवघड झालं. जूनमध्ये तुझ्या बाबांना विचारणार होतो. तुझ्यासाठी."

"मी तुला थांब म्हणणार होते. हे पाकीट हातात आल्यावर."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो भिंतीला टेकला.

"आता ऐक," मी म्हटलं. "कागद वेळेत आलाच नाही असं बाबांना वाटलं, तर ते मला जूनमध्ये कणकवलीला उभं करतील. वेळेत आला होता असं कळलं, तर ते शब्द पाळतील, पुढच्या वर्षी परत अर्ज करू देतील. म्हणजे कुणीतरी त्यांना खरं सांगायला हवं. गुरुवारी ये. तू सांग."

"कंपनीला कळलं तर माझा व्हिसा जाईल."

"माझा गेलाच आहे."

गुरुवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश. आई स्वयंपाकघरात फोडणीच्या आवाजात होती. बाबांनी त्याला खुर्ची दिली, गॅरेजचं, उन्हाळ्याचं, नव्या साहेबाचं बोलून झालं. चहा आला. मी दाराशी उभी राहून वाट बघत होते. त्याने कप दोनदा उचलून खाली ठेवला.

"काका, एक विचारायचं होतं."

"विचार की."

"तुमची हरकत नसेल... तर मंगलासाठी. माझं घर राजापूरला, आई आहे, धाकटा भाऊ आहे. तुम्ही लिव्हवर याल तेव्हा आईला पाठवतो."

बाबा खुश झाले. त्यांची खुशी लपत नाही, कानशिलं हलतात. सिमेंटवाल्यापेक्षा हा बरा, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलेलं मला दिसलं.

"काय गो मंगला? तुका काय म्हणूचा आसा?"

पंधरा दिवसांपूर्वी मी लाजून आत पळाले असते. मी आत गेले, पण पाकीट घेऊन परत आले. आदल्या रात्री मी ते उघडलं होतं. चहाच्या कपांमध्ये ठेवलं.

बाबांनी चष्मा लावला. ओठ हलवत, बोट फिरवत वाचलं. 'पूर्ण शिष्यवृत्ती' या शब्दांवर बोट थांबलं, मग खालच्या 'एक मेपर्यंत उत्तर द्यावे' या ओळीवर गेलं आणि तिथेच राहिलं.

"ह्या कधी इला?"

त्यांनी मला विचारलं होतं. 'काल' म्हटलं असतं, तर सगळं जागच्या जागी बसलं असतं. त्याची नोकरी, माझं लग्न, राजापूरचं घर. मी सदानंदकडे बघितलं. तो टेबलाकडे बघत होता. पंखा फिरत होता. चहावर साय धरली.

"एकतीस मार्चला, काका," तो म्हणाला.

"मगे?"

"माझ्याकडे होतं. पिशवीत. मी दिलं नाही."

"कित्याक?"

त्याने मान वर केली. गेल्या दोन महिन्यांत तो असा सरळ माझ्याकडे पहिल्यांदाच बघत होता.

"ती गेली असती."

प्रेम आहे, असं तो मला कधी म्हणाला नव्हता. म्हणाला तो असा, बाबांच्या पुढ्यात, स्वतःचं सगळं घालवून. त्या घटकेला तो मला जितका आवडला, तितका आधी कधीच आवडला नव्हता. आणि मला हेही दिसत होतं, की आता काहीच होणार नाही.

 बाबांनी पाकिटाची घडी घालून ते खिशात ठेवलं. "कंपनीत मी कोणाक सांगूचंय नाय. पण उद्यापासून आमची टपाल हाशिम आणतलो. जा तू." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत फॉर्म मागव. शब्द म्हणजे शब्द."

दाराबाहेर तो बुटांच्या नाड्या बांधत बसला. त्या बांधून झाल्या, तरी बसून राहिला.

"चार वर्षं थांबलो तर?"

"पाच. एक तू वाढवलंस."

"पाच थांबतो."

मला 'थांब' म्हणायचं होतं. कितीतरी दिवस तो शब्द मी तयार ठेवला होता.

"नको," मी म्हटलं.

"मी खरं सांगितलं ना?"

"सांगितलंस. पण सदा, तू रोज घरी आलास की मी आधी तुझ्या पिशवीकडे बघेन. आयुष्यभर."

तो उठला. नुसती मान हलवली आणि जिना उतरायला लागला. पावलं खालपर्यंत ऐकू आली. मी त्याही पायऱ्या मोजल्या.

आतून आईचा आवाज आला, "त्याका जेवाक थांबव गो. भात जास्त लावलंय."

"गेलो तो, आये," मी म्हटलं.