ताईच्या मागे लागलेला फ्रिज

"माझ्या मागे फ्रिज येत होता," ताईनं मोटरसायकल स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढत सगळ्यांना सांगितलं.

सगळे अंगणात जमले होते. अशा वेळी काय बोलायचं असतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"किती वेगानं?" बटणनं विचारलं. ती आठ वर्षांची होती आणि तिला मूळ मुद्दा लगेच कळायचा.

"माझ्याच वेगानं. चौकापर्यंत आला, परत फिरले तर परत आला. पांढरा, दारावर जिराफाचं चित्र. आणि वळून पाहिलं तर रस्त्यावर काहीच नाही!"

"ऊन लागलंय तुला," मामा म्हणाला. "पाणी पी."

बटणची मोठी बहीण मात्र डोळे बारीक करून मामाकडे पाहत होती. तिला घरात सगळे 'चौकशी' म्हणायचे. दूधवाला दोन मिनिटं उशिरा आला तरी तिला कट शिजल्याचा वास यायचा. सुट्टीत मामाकडे आल्यापासून तिची पोस्टमन, शेजारची मांजर आणि एका निरपराध गवंड्यावर पाळत ठेवून झाली होती. पण हे प्रकरण वेगळं होतं. ताई थापा मारणारी नव्हती, आणि मामाच्या हेल्मेटात तर मागचंच दिसायला हवं होतं.

मामाचा छोटा कारखाना घराच्या पुढच्या भागात होता. तिथं तो पाठीमागचं दाखवणारी हेल्मेटं बनवायचा. हेल्मेटाच्या मागच्या बाजूला कॅमेरा असायचा, त्याला सगळे 'डोळा' म्हणत. आत कपाळावर येणारी स्पंजची पट्टी असे आणि तिच्यात बोटभर पडदा. डोळ्याला दिसलेलं बिनतारी पद्धतीनं पडद्यावर यायचं. चालवणाऱ्यानं नजर जराशी वर केली की मान न वळवता मागचा रस्ता दिसायचा. अशी सहा हेल्मेटं तयार होती. पार्सल पोचवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची माणसं आज दुपारी ती बघायला यायची होती. त्यांच्यासमोर ताई लाल हेल्मेट घालून रस्त्यावर फेरी मारणार आणि मान न वळवता उजवीकडे वळून फाटकातून आत येणार, असं ठरलं होतं.

"आणि आपला विश्वास दिसावा म्हणून," मामानं अभिमानानं सांगितलं होतं, "मोटरसायकलचे आरसे मी स्वतः काढून ठेवलेत!"

चौकशीला आता तेच आठवलं. आरसे नाहीत, आणि हेल्मेटात फ्रिज. मागून गाडी आली तर ताईला कळणार कसं?

"काल तर नीट दिसत होतं ना?" तिनं ताईला विचारलं.

"काल अगदी झकास!"

"म्हणजे कालपासून आजपर्यंत कोणीतरी काहीतरी केलंय," चौकशी हळूच म्हणाली.

"शत्रूच्या कंपनीचा हेर!" वायर कुजबुजला. वायर म्हणजे मामाचा मुलगा, ताईचा धाकटा भाऊ. तो इतका बारीक होता की बाजूला वळून उभा राहिला तर त्याची हजेरी लागत नसे. "पण हेर फ्रिज का पाठवेल?"

"तेच तर शोधायचंय!"

संशयितांची फार शोधाशोध करावी लागली नाही. कारखान्यात जुळणी करणारा एकच माणूस होता, होऊनजाईलकाका. त्यांना काहीही सांगा, "होऊन जाईल!" हेच उत्तर. पावसात गळणारं छप्पर त्यांच्या मते आपोआप होऊन जाणार होतं. तिघं खिडकीखाली दबून आत बघू लागली.

काका गुणगुणत होते. शेजारी प्लॅस्टिकच्या टबात जुन्या स्पंजचे तुकडे पडले होते.

"काका, काय चाललंय?" चौकशीनं एकदम डोकं वर काढलं. काका दचकले. चौकशीच्या मते निरपराध माणूस दचकत नाही.

"अगं, काय घाबरवतेस! सकाळी सगळ्या पट्ट्यांचे स्पंज बदलले. घामाचा वास मारत होता. पाहुण्यांच्या नाकाला त्रास नको."

"सगळ्या पट्ट्या एकदम काढल्या?"

"टबातच टाकल्या, नवे स्पंज लावले, परत बसवल्या. तपासल्यासुद्धा! हे बघ." त्यांनी फळीवरचं एक हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि फळीच्या भिंतीकडे पाठ करून उभे राहिले. "मागे पिवळी भिंत. पास!" मग दुसरं. "पिवळी भिंत. पास!"

"यात काहीतरी काळंबेरं आहे," खिडकीखाली परतल्यावर चौकशी म्हणाली.

"काळंबेरं कसलं, पिवळं आहे," वायर म्हणाला.

ताई जेवायला बसली होती, तेव्हा त्यांनी लाल हेल्मेट हळूच उचललं आणि अंगणात नेलं. वायरनं ते घातलं. चौकशी त्याच्या मागे उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात हलवले.

"दिसतेय मी?"

"नाही. फ्रिज दिसतोय."

बटणनं मागे जाऊन जीभ काढली, डोळे फिरवले, कोलांटी मारली.

"अजून फ्रिजच... थांबा! कोणीतरी आलं! दार उघडलं... केक काढला... अख्खा तुकडा तोंडात! आता इकडेतिकडे बघतोय. फारच संशयास्पद माणूस आहे हा!" वायरचा आवाज एकदम बसला. "अरे देवा. हा तर बाबा आहे."

मामाला डॉक्टरांनी गोड पूर्ण बंद केलं होतं, आणि मामीनं डॉक्टरांपेक्षा कडक बंद केलं होतं. घरातल्या फ्रिजमध्ये आता फक्त काकड्या होत्या. पण मामाच्या ऑफिसात पाहुण्यांच्या थंड पाण्यासाठी म्हणून एक छोटा फ्रिज होता, आणि तो कायम कुलपाच्या खोलीत!

तिघं पळतच ऑफिसशी पोचली. मामा ओठ पुसत बाहेर पडत होता. कोणीही काही विचारलं नसताना तो "पाणी प्यायलो" असं म्हणाला आणि गडबडीत दार ओढायचं विसरून गेला.

आत फ्रिज होता. पांढरा, दारावर जिराफ. आणि त्याच्या समोरच्या कपाटावर, फ्रिजकडे पाठ करून, निळं हेल्मेट ठेवलं होतं. पाहुण्यांना दाखवायला मामानं सकाळी फळीवरून आणलेलं.

चौकशी जागच्या जागी थिजली. "वायर, लाल हेल्मेट घालूनच बाहेर अंगणात जा आणि काय दिसतंय ते ओरडून सांग. बटण, ते निळं उचल आणि त्याची पाठ खिडकीकडे कर."

खिडकीतून मागची गल्ली दिसत होती, दुपारची, रिकामी. बटणनं हेल्मेट चौकटीत ठेवलं.

"फ्रिज गेला!" अंगणातून आवाज आला. "रस्ता आला! रिकामा!"

"कळलं!" चौकशीनं कपाळावर हात मारला. "प्रत्येक पट्टी आपल्या एकाच डोळ्याचं ऐकते. काकांनी टबातून पट्ट्या काढल्या आणि हाताला लागेल ती लागेल त्या हेल्मेटात बसवली! लालमध्ये निळ्याची पट्टी आहे. आणि तपासताना सगळ्यांच्या पाठी एकाच पिवळ्या भिंतीकडे, मग कोणाला कळणार?"

"म्हणजे हेर नाही?" बटण हिरमुसली. तिनं फ्रिज उघडून उरलेला केक उचलला. दुःखात माणसाला काहीतरी लागतंच.

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. पाहुणे आले होते, ठरल्यापेक्षा लवकर! चौकशी धावत बाहेर आली, तर मामानं वायरच्या डोक्यावरून लाल हेल्मेट काढून ताईच्या हातात दिलंही होतं.

"हे बघ, बंद करून परत चालू केलं," मामा म्हणाला. "आता सांग."

ताईनं ते घातलं, नजर वर केली. "हो! गेला फ्रिज. मागचा रस्ता दिसतोय, अगदी मोकळा!"

"मामा, थांब!" चौकशी मध्ये घुसली. "तो मागचा रस्ता नाहीये! ते ऑफिसच्या खिडकीतून दिसतंय, मी शपथ घेते! आधी तिथून फ्रिज दिसत होता, आणि फ्रिजसमोर तू उभा राहून..."

मामाचा चेहरा पांढरा पडला. शेजारीच मामी पाहुण्यांना सरबताचे पेले देत होती.

"फ्रिजसमोर काय?" मामीनं विचारलं.

"काही नाही! पोरांच्या डोक्यात काहीतरी खूळ!" मामा घाईघाईनं म्हणाला. "जा, तिकडे खेळा! पाहुण्यांसमोर भलतंसलतं नको."

"काका, तुम्ही तरी सांगा! पट्ट्या अदलाबदल झाल्यात!"

"अगं, सगळ्या सारख्याच तर आहेत," काका हसले. "होऊन जाईल!"

मोटरसायकल सुरू झाली. ताई फाटकातून बाहेर पडली आणि चौकाच्या दिशेनं निघून गेली. चौकशी "ताई!" म्हणून जिवाच्या आकांतानं ओरडली, पण हेल्मेटात इंजिनाशिवाय काही ऐकू जात नसावं.

आणि तेव्हा चौकशीच्या लक्षात आलं की सगळ्यात मोठी गडबड आपणच केलीय. ताईला फ्रिज दिसला असता तर ती सावध झाली असती. आता तिला रिकामी गल्ली दिसत होती आणि ती तोच मागचा रस्ता समजत होती.

"वायर, फाटकावर चढ! काय येतंय ते ओरड!" चौकशी ऑफिसकडे सुटली.

"ताई फिरली चौकातून!" वायरचा आवाज आला. "परत येतेय! मागे... मागे ट्रक आहे! विटांचा! तो उजवीकडून पुढे काढतोय!"

ताई फाटकाशी येणार, वर बघणार, मोकळी गल्ली दिसणार आणि ती उजवीकडे वळणार. सरळ ट्रकपुढे.

चौकशी दारात धडकली. बटण टेबलावर बसून केक खात होती. खिडकीतल्या त्या डोळ्याला जे दिसत होतं, तेच आता ताईला दिसत होतं. डोळा झाकला तर? अंधार झाला तर ताई नक्की मान वळवेल!

"बटण, डोळा झाक! कशानंही झाक!"

बटणनं क्षणाचाही विचार केला नाही. तिच्या हातात जे होतं ते तिनं सगळ्या ताकदीनं डोळ्यावर थापलं.

रस्त्यावर ताईनं इंडिकेटर लावला, नजर वर केली आणि मागचं जग गुलाबी क्रीमच्या लाटेत बुडताना पाहिलं. कोणीही शहाणा माणूस अशा वेळी जे करेल तेच तिनं केलं. ब्रेक मारला आणि मान वळवून मागे बघितलं.

विटांचा ट्रक भोंगा वाजवत तिच्या गुडघ्याला वारा देऊन निघून गेला.

मामीच्या हातातला पेला कलंडला आणि सरबत एका पाहुण्याच्या बुटात गेलं, ते त्यालाही कळलं नाही. ताई मोटरसायकल ढकलत आत आली.

"मागे ट्रक होता," ती म्हणाली. "मला दिसलाच नाही. मला रिकामा रस्ता दिसत होता, आणि मग... कोणीतरी क्रीम ओतलं."

बटण निळं हेल्मेट घेऊन बाहेर आली. त्यावरून केक टपटपत होता. आता काही लपवण्यासारखं उरलंच नव्हतं. चौकशीनं टबापासून पिवळ्या भिंतीपर्यंत सगळं सांगितलं. फ्रिजसमोर कोण उभं होतं तेवढं मात्र तिनं गाळलं.

"मी उभा होतो," मामा स्वतःच म्हणाला. "केक खात होतो. ते उघड होऊ नये म्हणून मी पोरीचं ऐकलं नाही." त्यानं निळ्या हेल्मेटाकडे बघितलं. "एका तुकड्यासाठी."

मामीनं हात पुढे करून त्याच्याकडून ऑफिसची किल्ली मागून घेतली.

पाहुण्यांमध्ये मुख्य होत्या त्या बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. "आज मी एकही हेल्मेट घेणार नाही," त्या म्हणाल्या. मामानं मान खाली घातली. "कल्पना चांगली आहे. पण आधी आरसे परत लावा, ते कायम राहतील. पट्ट्या नीट जुळवा. आणि पुढच्या वेळी तपासणी या तिघांनी केलेली असेल तरच मला बोलवा." मग त्या चौकशीकडे वळल्या. "इतक्या मोठ्या माणसांनी गप्प बसवलं, तरी तू थांबली नाहीस. शाबास! माझ्या ऑफिसात अशी माणसं फार कमी आहेत."

"तुमच्या ऑफिसात काय गडबड चालते?" चौकशीनं लगेच विचारलं. बाई घाईनं गाडीत जाऊन बसल्या.

संध्याकाळपर्यंत काकांनी प्रत्येक डोळ्याला आणि त्याच्या पट्टीला एकाच रंगाचा ठिपका दिला. त्या कामात ते एकदाही गुणगुणले नाहीत. तपासणीची पद्धत चौकशीनं ठरवली होती. हेल्मेटं अंगणात लांब लांब ठेवायची आणि प्रत्येकाच्या मागे वेगळी वस्तू. झाडू, बादली, छत्री. वायर स्वतः एका हेल्मेटामागे उभा राहिला, पण तो बाजूला वळून उभा असल्यामुळे ती तपासणी पुन्हा घ्यावी लागली.

शेवटी लाल हेल्मेट उरलं. ते चौकशीनं घातलं आणि नजर वर केली.

पडद्यावर तिच्या पाठीमागचं अंगण होतं. मामा पाना घेऊन मोटरसायकलचा आरसा बसवत होता. बसवून झाल्यावर त्यानं तो हलवून बघितला, पुन्हा आवळला. मग पाना खाली टाकून तो ताईजवळ गेला. आपल्याला कोणी बघत नाही असं त्याला वाटत होतं. त्यानं ताईच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात कितीतरी वेळ तसाच राहिला. मग ताईच त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

"काय गं, काय दिसतंय?" काकांनी विचारलं. "बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," चौकशी म्हणाली. पण पुढचं काही तिनं सांगितलं नाही, आणि हेल्मेटही बराच वेळ काढलं नाही.