सतरा नंबरचा उजवा हात

मंगळवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी एका उजव्या हाताने सलग एकोणीस तास काम केल्याची नोंद झाली. हात भंडारा रस्त्यावरच्या सतरा नंबरच्या शेडमधला होता आणि तो तीन वेगवेगळ्या नावांनी राबत होता.

नोंद उमटली बुटीबोरीला, ‘वर्तुळ संकलन’ या कचरा कंपनीच्या कार्यालयात, ऋजुता मेश्रामच्या पडद्यावर. दोन टेबले सोडून बसलेल्या कुंदा बोंडे यांना आधी दिसली ती नोंद नव्हे. त्यांना दिसली ऋजुताच्या खुर्चीमागे जमलेली माणसे. गेले आठ महिने हे रोजचे झाले होते. पूर्वी ती माणसे कुंदाताईंच्या टेबलाशी जमत.

कुंदाताई कंपनीच्या श्रमतपासणी प्रमुख होत्या. कंपनीला वेगळे केलेले प्लास्टिक पुरवणाऱ्या ठेकेदारांच्या दोनशे बारा शेड होत्या, आणि त्यांतल्या कुठे माणसे डांबून, कागदपत्रे काढून घेऊन राबवली जात नाहीत ना, हे पाहणे त्यांचे काम. अकरा वर्षे त्यांनी ते पायांनी आणि डोळ्यांनी केले. शेडच्या संडासाला कडी बाहेरून आहे का, हे त्या बघत. दाराशी बायकांच्या चपला आहेत का, हे बघत. ज्यांना बाहेर जाऊच द्यायचे नसते त्यांना चपला लागत नाहीत. अशा चार शेड त्यांनी बंद पाडल्या होत्या. “माणूस खोटं बोलेल, चपला बोलत नाहीत,” असे त्या शिकाऊ मुलींना सांगत. त्या शिकाऊ मुलींपैकी एक ऋजुता. सहा वर्षांपूर्वी जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसून हे वाक्य वहीत लिहून घेणारी.

मग ती दोन वर्षे शिकायला गेली आणि हातमोजा घेऊन परतली.

मोजा दिसायला साधा, निळा. त्याच्या विणीत केसाएवढे बारीक संवेदक तंतू होते. कचऱ्यातून बाटली उचलणे, फिरवून पाहणे, टाकणे, हे प्रत्येक माणूस थोडे वेगळे करतो. या वेगळेपणाला ऋजुताने हस्तलय असे नाव दिले. तीनशे वेळा उचल-टाक झाली की मोजा हात ओळखू लागे. आता परदेशी खरेदीदार प्लास्टिकच्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत हस्तपत्र मागत: किती हातांनी हे वेगळे केले, कोणता हात किती तास चालला. कंपनीच्या पुस्तिकेवर ऋजुताचे वाक्य छापले होते: ‘माणूस खोटे बोलेल, हात बोलत नाही.’

ते वाक्य कुंदाताईंनी वाचले तेव्हा पुस्तिका त्यांनी पालथी ठेवली.  

“ताई,” ऋजुता त्यांच्या टेबलाशी आली, “सतराला लाल आलंय. एक हात, तीन नावं, एकोणीस तास. तुमचं वेगळं काही म्हणणं नसेल तर उद्या सकाळी आपोआप कामगार कक्षाला जाईल.”

नियम तसाच होता. लाल नोंद चोवीस तासांत जिल्ह्याच्या कामगार कक्षाकडे जायची, आणि ती थांबवायची तर श्रमतपासणी प्रमुखांनी कारण लिहून सही करायची.

“बघते,” कुंदाताई म्हणाल्या.

अकरा वाजता त्या खाली, कंपनीच्या स्वतःच्या वर्गीकरण पट्ट्यावर गेल्या. चहाची सुट्टी झाली होती. पंचफुला नावाची जुनी कामगार उजव्या हातातला मोजा काढून शेजारणीला देत होती आणि तिचा स्वतःच्या हातात चढवत होती.

“काय करून राहिली गं?”

“काही नाही जी ताई. माहा मोजा वल्ला झाला. मी वल्ल्या कचऱ्यावर, हे कागदाच्या बाजूनं. इचा कोरडा आहे. तासभर इनं वल्ला घालावा, तासभर मी. समद्याच करतात.”

“अगं, खुंटीवर लावून मग बदलायचा ना.”

“खुंटीपाशी लाइन असते. तवरिक चहा थंडा होते. तुम्ही चहा धरून उभ्या राहा, मी लावतो खुंटीवर.”

बायका हसल्या. कुंदाताईही हसल्या, पण त्यांचे लक्ष खुंटीकडे होते. मोजा खुंटीवर लावला की त्याची जुनी ओळख पुसली जायची आणि तो पुढचा हात नव्याने ओळखायचा. न लावता बदलला तर? तर तो आधीच्याच हाताच्या नावावर तास लिहीत राहणार. दिवसातून तीन चहा, तीन पाळ्या. एका हाताच्या खात्यात तीन नावे आणि एकोणीस तास सहज जमतील.

जिना चढताना त्यांना हलके वाटत होते. ऋजुताच्या मोज्याला चूक होती, आणि ती ऋजुताला दिसली नव्हती, कारण ऋजुता कधी पट्ट्यावर उभी राहिली नव्हती.

कारण लिहायला त्यांना वीस मिनिटे लागली. सतराला जाऊन यायला चार-पाच तास लागले असते, आणि संचालक तळवेलकर यांच्याकडची आढावा बैठक चार वाजता होती. शेड पाहिल्याशिवाय सही नाही, हा नियम त्यांनीच घालून दिलेला. पण सतरा त्यांनी गेल्या हिवाळ्यात पाहिली होती. दाराशी चपला होत्या. त्यांनी सही केली.

बैठकीत त्या सात मिनिटे बोलल्या. भांडणाची पुरती तयारी करून आल्या होत्या. ऋजुता सगळे लिहून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, “हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, सर. ताईंनी पट्ट्यावर बायकांबरोबर काम केलंय, मी नाही. एक हात अनेक मोज्यांत दिसला तर आधी अदलाबदल धरायची, लाल द्यायचं नाही, असा बदल आजच घालते. बोंडे-सुधारणा म्हणूया त्याला.”

“वा, बोंडे मॅडम,” तळवेलकर म्हणाले. “जुनं ते सोनं.”

त्या संध्याकाळी प्रणालीच्या टिपणात आपले नाव कुंदाताईंनी तीनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या मनात आले, की हे नावही ऋजुतानेच टाइप केले आहे. तिच्या मनाचा मोठेपणा त्यांना मोज्यापेक्षा जास्त बोचला.

हस्तलय-प्रणाली भाड्याने घेणाऱ्या आणखी चौदा कचरा कंपन्यांकडे हा बदल त्याच आठवड्यात पोहोचला. सतरा नंबरची शेड हिरवी झाली.

नऊ दिवसांनी, गुरुवारी, खरेदीदारांना दाखवायला मोज्यांच्या अदलाबदलीचे चित्रण हवे म्हणून तळवेलकरांनी सतराला ऋजुताला पाठवायचे ठरवले. कुंदाताई म्हणाल्या, “शोध माझा आहे, मी जाते.” आणि एकट्याच गेल्या.

साडेअकराला त्या पोहोचल्या. दाराशी चपलांच्या एकेचाळीस जोड्या होत्या, एका रेषेत. हिवाळ्यातही अशाच होत्या. आज त्या खाली वाकल्या आणि चपला उलटून पाहिल्या. सगळ्या एकाच बनावटीच्या. वर धुळीचा थर, तळ कोरे. कोणीही कधी पाय घातला नव्हता. बोंडे मॅडम काय बघतात हे ठेकेदाराला कधीच कळले होते.

आत एकेचाळीस बायका चार-चार फुटांवर उभ्या होत्या. कोणी बोलत नव्हते. प्रत्येकीचा मोजा मनगटाशी प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेला, कापल्याशिवाय न निघणारा.

“मोजे हरवतात, मॅडम,” मुकादम म्हणाला. “म्हणून पट्टी. पाळी संपली की आम्हीच कापतो.”

“चहा कधी असतो?”

“चहा जागेवरच देतो.”

म्हणजे इथे बायकांना आपसांत मोजे बदलताच येत नव्हते. ते तास मोज्यांचे नव्हते. ते खरोखर हाताचे होते.

जवळच्या बाईचा उजवा हात विलक्षण वेगाने चालत होता. चेहरा मात्र झोपेत असल्यासारखा. कुंदाताईंनी हिंदीत विचारले, “नाम क्या है, बाई?”

बाईने उत्तर देण्याआधी मनगटाकडे पाहिले. मोज्यावर क्रमांक होता, प्रत्येक क्रमांक एका नावाचा. तो वाचून ती म्हणाली, “अभी फुलबासन.”

“और असली?”

बाईने मुकादमाकडे पाहिले. तो दुसऱ्या टोकाला वळला होता. “सुकवारो,” ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. “राजनांदगाँव तरफ की. आधार कपाट में है, दीदी. फोन भी.” आणि पुन्हा बाटल्या उचलू लागली.

पावणेएकला कुंदाताई गाडीत येऊन बसल्या. फोनमध्ये ऋजुताने सगळ्या तपासनिसांसाठी ठेवलेले लाल बटण होते. ते दाबले की भंडाऱ्याच्या कामगार कक्षाचे पथक चाळीस मिनिटांत पोहोचते. प्रकरणाच्या माथ्यावर मात्र आपोआप छापले जाते: ‘हस्तलय-प्रणालीद्वारे उघडकीस.’

कुंदाताईंचा अंगठा बटणावर होता. शेड कोणी पाहिली? चपला उलटून कोणी पाहिल्या? नाव कोणी विचारले? आणि छापून येणार मोजा. शिवाय त्याखाली, बोंडे-सुधारणेमुळे ही नोंद नऊ दिवस दबली, असेही येणार.

त्यांनी फोन पिशवीत टाकला आणि ड्रायव्हरला बुटीबोरीला घ्यायला सांगितले. स्वतः तळवेलकरांसमोर उभे राहून सांगायचे होते. वाटेत अहवालाचे पहिले वाक्य त्यांच्या मनात तयार झाले. चांगले झाले होते.

तीन वाजता तळवेलकरांनी कामगार कक्षाला फोन केला. तीन चाळीसला पथक सतरा नंबरच्या शेडवर पोहोचले. पट्टा चालू होता, कपाट उघडे होते आणि आत कोणी नव्हते. चपलांच्या एकेचाळीस जोड्या दाराशी तशाच होत्या.

मुकादमाला कुंदाताईंचे वाकून पाहणे पुरले होते.

शुक्रवारी सकाळी ऋजुता त्यांच्या टेबलाशी आली. बसली नाही.

“ताई, गाडीच्या नोंदीत पावणेएकला तुम्ही तिथून निघालात. बटण का नाही दाबलं?”

“रेंज नव्हती.”

 त्या वेळी गाडीने आपली जागा दर मिनिटाला कळवली होती, हे दोघींना माहीत होते.

“बरं,” ऋजुता म्हणाली. “सुधारणा मी काल रात्रीच काढली. चौदा कंपन्यांनाही काढायला कळवलंय. आता सुकवारोचा हात शोधतेय. तिला कुठेही नेलं तरी काम हेच देतील. तीनशे उचल झाल्या की कळेल.”

“मी काय करू?”

“तुम्ही पाहिलंय तिला, ताई. मी फक्त आकडे पाहिलेत. इथंच बसा.”

कुंदाताई बसल्या, ऋजुताच्या खुर्चीशेजारी, दिवसभर. पडद्यावर हजारो हात वाहत होते. ऋजुता ते वाचत होती, भराभर, न चुकता. ही एवढी चांगली आहे, हा विचार त्यांना त्याही दिवशी सोडेना. त्याची त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो गेला नाही.

शनिवारी दुपारी दोन वाजून सहा मिनिटांनी हात सापडला. शेजारच्या राज्यातली दुसऱ्या एका कंपनीची शेड. नाव नवे, चौथे. हस्तलय शंभरात चौऱ्याण्णव जुळत होती. शेडचा रंग हिरवा होता. कळवूनही सुधारणा न काढलेल्या तीन कंपन्यांपैकी ही एक होती.

ऋजुताने त्या कंपनीला लिहिले. तिथल्या कामगार कक्षालाही लिहिले. शनिवार असल्याने सोमवारी पाहू, असा निरोप आला. कंपनीचे उत्तर चार वाजून वीस मिनिटांनी आले. ते तीन ओळींचे होते. आमच्या नोंदीनुसार हा मोज्यांच्या अदलाबदलीचा प्रकार असून त्यात काही गैर दिसत नाही. याबाबत आपल्याच श्रमतपासणी प्रमुखांचे लेखी कारण जोडत आहोत. त्या स्वतः ते मागे घेत असल्यास, ते का दिले होते आणि शेड प्रत्यक्ष पाहिली होती काय, हे त्यांच्या सहीने कळवावे.

सोबत सहीचा कागद होता.

“त्यांना तुमचं पत्र हवंय, ताई,” ऋजुता म्हणाली. “सगळं लिहावं लागेल. त्या मंगळवारचं, आणि परवाचंही. नाहीतर ते मानणार नाहीत.”

कुंदाताईंनी कळफलक पुढे ओढला. पहिले वाक्य लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले.

पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत पत्र गेलेले नव्हते. पडद्यावर त्या हाताचा अकरावा तास सुरू झाला होता.