प्रात्यक्षिकातला धूर

कारखानदार आत आला आणि न विचारताच खुर्चीवर बसला. मास्तरांनी पाण्याचा पेला पुढे केला. त्याने तो हातात घेतला आणि प्यायचे विसरून गेला.

"ताई," तो अखेर म्हणाला, "माझ्या मुलाच्या आयुष्याला कुणीतरी काडी लावली. आणि लावणाऱ्याचं टोपणनावसुद्धा काडीच आहे!"

खाजगी तपास करणाऱ्या त्या बाईला सगळे ताईच म्हणत. मास्तर तिचे सहकारी, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. तपासात त्यांची गती बेताची होती, परंतु ते सोबत असले की खोलीतले मौन बोचत नसे.

हकिगत थोडक्यात अशी. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्युत शाखेत प्रवेशासाठी प्रत्येक उमेदवाराने स्वतः बनवलेले यंत्र न्यायचे, दालनात परीक्षकांनी त्याची जोडणी सोडायची आणि उमेदवाराने ती पुन्हा करून दाखवायची, असा नियम होता. कारखानदाराच्या मुलाने मोटर चालवणारे छोटे पॅनल नेले होते. कळ दाबताच ठिणगी उडाली, धूर झाला आणि जागा गेली. ती मिळाली प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलाला, म्हणजे काडीला. मुलाच्या जिवलग मित्राला.

"घरी पॅनल व्यवस्थित चालायचं?" ताईने विचारले.

"घड्याळासारखं! आदल्या दिवशी मी स्वतः ते पुसलं, पॉलिश केलं, तारांना लटकणारे कागदाचे चिटोरे काढून टाकले. दुकानातून आणल्यासारखं दिसत होतं. परीक्षेच्या दालनात पोरगा मध्येच पाणी प्यायला गेला आणि त्या काडीनं तारा बदलल्या. मी तक्रार केलीय. आज दुपारी सुनावणी आहे. तो दोषी ठरला की त्याला कुठल्याच महाविद्यालयात प्रवेश नाही. मला फक्त पुरावा द्या."

"आणि तो निर्दोष निघाला तर?"

कारखानदाराने तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने काही अभद्र उच्चारले होते.

ताई आणि मास्तर स्कूटरवरून त्याच्या घरी गेले. दारात मुलाने त्यांची हेल्मेटे घेतली.

"लाल ताईंचं, हिरवं माझं," मास्तर म्हणाले. "बाकी दोन्ही जुळी भावंडं आहेत बरं का!"

मुलगा हसला नाही. त्याचे डोळे न झोपलेल्या माणसाचे होते. त्याच्या खोलीच्या भिंती पुलांच्या आणि धरणांच्या चित्रांनी भरलेल्या होत्या. मास्तर हरखून गेले.

"काय हात आहे! सगळं पेन्सिलीत. रंगाचा एक ठिपका नाही, पण छटा बघा."

"तुला काय वाटतं, तारा कुणी बदलल्या?" ताईने मुलाला विचारले.

"बाबा म्हणतात ना..."

"मी तुला विचारलं."

"मला माहीत नाही," तो म्हणाला आणि खिडकीकडे वळला.

स्वयंपाकघराच्या दाराशी आई उभी होती. तिने पदराने डोळे टिपले. "तो खोटं बोलणारा नाही हो. साधा आहे. अजून त्याचे कपडे मीच काढून ठेवते. माझ्या वडिलांचेही माझी आईच काढायची, शेवटपर्यंत."

"लाडावून ठेवलाय!" कारखानदार बाहेरून गरजला. "कारखान्यावर 'आणि चिरंजीव' अशी पाटी रंगवून तयार आहे, आणि चिरंजीवांना शर्ट निवडता येत नाही!"

निघताना मुलाने हेल्मेटे आणून दिली. मास्तरांच्या हाती लाल आले, ताईच्या हाती हिरवे.

"पोराचं डोकं ठिकाणावर नाही," अदलाबदल करत मास्तर पुटपुटले.

ताईने वळून दारातल्या मुलाकडे एकदा पाहिले.

काडी महाविद्यालयाच्या जिन्यात बसला होता. खरोखरच काडीसारखा, त्यात दोन दिवसांत आणखी वाळलेला.

"त्याच्या टेबलाशी गेला होतास?"

"गेलो होतो. माझा स्क्रूड्रायव्हर त्यानं नेला होता, तो आणायला. तारांना हात लावला नाही. पण कोण ऐकतंय? माझी जागा ना! म्हणजे चोर मीच."

"त्या वेळी तो कसा होता?"

"विचित्र. सुरुवातीला बराच वेळ तारा नुसत्या हातात धरून बसला होता. मी म्हटलं, काय रे, फाटली का? तर म्हणाला, गप्प बस. तो माझ्याशी असं कधी बोलत नाही."

विभागप्रमुखांनी जळके पॅनल टेबलावर ठेवले. "लाल तार वीज आणते, काळी परत नेते, हिरवी जमिनीला जोडलेली असते. काळी आपल्या जागी आहे. लाल आणि हिरवी मात्र उलट. वीज थेट पत्र्याच्या पेटीत उतरली."

ताई भिंग लावून वाकली. तारांची टोके सुबक वळवलेली होती, स्क्रू शेवटपर्यंत घट्ट.

"मास्तर, चोरून, घाईत केलेलं काम असं दिसतं?"

"नाही बुवा. हे तर सावकाश, मन लावून केलेलं दिसतंय."

सुनावणीपूर्वी ताईने कारखानदार, त्याची पत्नी आणि मुलगा यांना शेजारच्या रिकाम्या वर्गात नेले. दार लावून घेतले.

"तारा कुणी बदललेल्या नाहीत," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या मुलानंच त्या तशा जोडल्या. त्याला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही."

कारखानदार हसला. मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचे हसू अर्ध्यावरच थिजले.

"त्यानं हेल्मेटं उलट दिली," ताई पुढे म्हणाली. "इतकी चित्रं, पण सगळी पेन्सिलीत. कपडे आई काढून ठेवते. तिच्या वडिलांचेही तिची आईच काढून ठेवायची. हा दोष पुष्कळदा आजोबांकडून लेकीमार्फत नातवाकडे येतो. लेकीला स्वतःला सगळे रंग दिसतात. काळी तार चुकली नाही, कारण काळा त्याला ओळखता येतो. आणि जोडणी मन लावून केलेली आहे. दगा देणारा स्क्रू इतके घट्ट पिळत बसत नाही."

"पण घरी चालत होतं!" कारखानदार ओरडला. "दहा वेळा पाहिलंय मी!"

"घरी तारांना खुणा होत्या. कागदाचे चिटोरे."

कारखानदाराने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले. त्याच हातांनी पॉलिश केले होते.

"मीच बांधले होते," आई म्हणाली. "तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. पाटी रंगवून झाली होती."

"मला दालनात गेल्यावर कळलं," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता. "पिशवी उघडली, तर खुणा नाहीत. अंदाजानं जोडलं. धूर निघाला तेव्हाच समजलं, काय झालं ते."

मास्तर त्याच्याकडे वळले. "म्हणजे तू दोन दिवस... त्या पोराला..."

"बाबांनी त्याचं नाव घेतलं. मला फक्त गप्प राहायचं होतं. ते फार सोपं होतं."

त्याने डोळे पुसले नाहीत. उठला, दार उघडले आणि कुणाकडेही न पाहता सुनावणीच्या खोलीत शिरला. मागोमाग कारखानदार गेला खरा, पण उंबरठ्यावरच थबकला.

आतून मुलाचे शब्द स्पष्ट ऐकू येत होते. "काडीनं काही केलेलं नाही. मला रंग नीट दिसत नाहीत. चूक माझी आहे. आणि सर, ही जागा मला कधीच नको होती. स्थापत्य शाखेचा अर्ज अजून घेत असाल तर मी भरतो."

कारखानदाराने चौकट घट्ट धरली. मग तो आत गेला, आणि आपली तक्रार मागे घेतो, एवढेच कसेबसे म्हणाला.

सुनावणी संपली. मुलामागून काडी बाहेर आला. त्याची जागा त्याचीच राहिली होती, तरी त्याच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता. मित्रासमोर तो क्षणभर उभा राहिला.

"आठवीपासून एका बाकावर बसतो आपण," तो म्हणाला. "नुसतं विचारायचंस, लाल कुठली. मी बाजूच्याच टेबलाशी होतो."

काडी जिना उतरू लागला. त्याची पावले ऐकू येईनाशी झाली, तरी त्याला हाक मारण्याचे धैर्य कुणालाच झाले नाही.