काजळीतला चौकोन

फोन पाणीपुरवठ्याच्या साहेबांचा होता. साहेब स्वतः फोन करतात तेव्हा कुणाच्या तरी गळ्यात घोंगडं अडकवायचं असतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"आगीच्या प्रकरणाचा चौकशी अहवाल दोन दिवसांत हवा," साहेब म्हणाले. "सरळ आहे सगळं. त्या म्हाताऱ्या वॉलमनने मुद्दाम पाणी बंद ठेवलं. तुम्ही फक्त कागद करा."

बाई नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक. लोकांच्या पिंपांत बॅटरी मारून डासांच्या अळ्या शोधायच्या, हे त्यांचं रोजचं काम. चौकशी त्यांच्याकडे आली, कारण बाकी सगळ्यांनी केव्हाच अंग काढून घेतलं होतं.

प्रकरण असं. वर्षापूर्वी हद्दवाढ झाली आणि टेकडीमागचं गाव शहराला जोडलं गेलं. गावची पंचायत बुडाली, तिचे कामगार पालिकेत घ्यायचं ठरलं. व्हॉल्व्ह फिरवून गावाला पाणी सोडणारे वॉलमन नाना त्यातलेच. पुढच्या महिन्यात कायम व्हायचे होते. सोमवारी सकाळी त्यांच्या धाकट्या भावाच्या घराला आग लागली. बंब वेळेत आला. बंबातलं पाणी संपल्यावर रस्त्यावरच्या नळाला पाइप जोडला, तर नळ ठणठणीत कोरडा! व्हॉल्व्ह बंद होता. पाणी आलं तोवर धाकट्याची बायको गेली होती.

नाना हद्दवाढीच्या विरोधात, धाकटा बाजूने. दोन वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. मग काय, सगळ्या गावाने खापर नानांवर फोडलं. धाकट्यानेसुद्धा.

जुन्या पंचायतीच्या खोलीत बाईंनी नानांना समोर बसवलं.

"व्हॉल्व्हची चावी कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. घरात, खुंटीला."

"सोमवारी?"

"खुंटीलाच होती. आग कळली तेव्हा मी वरच्या टाकीवर होतो. घरी जाऊन चावी घेतली आणि धावलो."

"मग व्हॉल्व्ह बंद कुणी केला?"

नाना उठू लागले.

"नाना, नोकरी जाईल. प्रकरण पोलिसात जाईल."

"जाऊ दे."

"तुमची भावजय होती ना ती?"

"लेकीसारखी होती. बाई, इथंच थांबा. माझं नाव लिहा आणि मोकळ्या व्हा."

बाई चरकल्या. निर्दोष माणूस आरडाओरडा करतो, दोषी माणूस सबबी सांगतो. हा बाबा दोन्ही करत नव्हता.

मग शहराच्या पाणी विभागाचा मुकादम आला. तो मात्र न विचारता सुरू झाला.

"या डोळ्यांनी पाहिलं, बाई! मी बंबाबरोबर आलो होतो. इकडे घर जळतंय आणि हा चावी घालून उजवीकडे फिरवतोय. उजवीकडे म्हणजे बंद. शेंबड्या पोरालाही कळतं ते."

"किती वाजता?"

"सव्वाअकरा. तेवढ्यात बंबवाले ओरडले, पाणी आलं म्हणून."

"म्हणजे नाना बंद करत होते आणि पाणी आलं?"

मुकादमाने कपाळ पुसलं. "गडबडीत काय कळतंय, बाई."

"त्याआधी तुमच्यापैकी कुणी इथे आलं होतं?"

"छे! हा भाग नानाचा. आमचं काय काम?"

व्हॉल्व्हची खोली जळलेल्या घराला लागूनच होती. बिनदाराची, विटांची, माणूस वाकून आत शिरेल एवढी. बाई शिरल्या आणि सवयीने बॅटरी मारली. भिंती धुराने काळ्याकुट्ट झाल्या होत्या. फक्त व्हॉल्व्हच्या वर वहीच्या पानाएवढा एक चौकोन स्वच्छ, पांढरा. चार कोपऱ्यांत चार स्क्रूची भोकं.

बाई त्या चौकोनाकडे बघत राहिल्या. आग लागली तेव्हा इथे काहीतरी होतं. नंतर कुणीतरी ते काढलं.

दुपारी त्यांनी पालिकेचं आवक रजिस्टर उघडलं. शनिवारची नोंद होती: गावच्या भागात पाण्याचा दाब कमी असल्याबद्दल अर्ज. शेजारी साहेबांच्या अक्षरात शेरा: 'सोमवारी सकाळी नऊ वाजता समक्ष पाहणी करून व्हॉल्व्ह पूर्ण उघडणे.' मूळ अर्ज फायलीत नव्हता. अर्जदाराचं नाव मात्र रजिस्टरात होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं. नाना 'इथंच थांबा' का म्हणाले, ते त्यांना कळलं.

पण कळल्यावर थांबणार कसं? त्या गोदामात गेल्या. हद्दवाढीनंतर गावातून काढून आणलेल्या पाट्यांचा तिथे ढीग होता, सगळ्या वर्षाच्या धुळीने माखलेल्या. तळाशी दडपलेल्या एका पत्र्यावर धूळ नव्हती, काजळी होती. बाईंनी ती पदराने पुसली, अक्षरं वाचली आणि पत्रा पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी चौघांना व्हॉल्व्हपाशी बोलावलं. साहेब, मुकादम, नाना आणि धाकटा. धाकटा भावाकडे पाठ करून उभा होता. रस्त्यावरचा नळ बाईंनी आधीच सोडून ठेवला होता, पाणी धो धो वाहत होतं.

"मुकादम, व्हॉल्व्ह आणखी उघडा."

"कशाला?"

"उघडा म्हणते ना."

मुकादमाने चावी घातली आणि नाइलाजाने डावीकडे फिरवली. नळाची धार बारीक झाली. आणखी फिरवली. धार तुटली.

बाईंनी पिशवीतून पत्रा काढला आणि भिंतीवरच्या चौकोनावर धरला. चारही भोकं जुळली. पत्र्यावर लिहिलं होतं: 'उलटा व्हॉल्व्ह. उजवीकडे चालू, डावीकडे बंद.'

"शहरातले सगळे व्हॉल्व्ह डावीकडे उघडतात," बाई म्हणाल्या. "गावचा हा जुना, उलट्या आट्यांचा. नाना सोमवारी बंद करत नव्हते, चालू करत होते. म्हणून तर पाणी आलं. बंद त्याच्या दोन तास आधी झाला होता. साहेब, रजिस्टरात शेरा तुमचा आहे. पालिकेची चावी घेऊन तुम्ही आलात आणि पूर्ण उघडायचा म्हणून पूर्ण आवळलात. पाटी डोळ्यांसमोर होती. वाचली नाहीत?"

"वाचली होती, बाई!" मुकादम एकदम फुटला. "मी दाखवली साहेबांना. ते म्हणाले, गावठी लोक काहीही लिहितात, आपल्या पद्धतीने फिरव. आगीनंतर त्यांनीच पाटी काढायला लावली. अर्जही त्यांनीच नेला. मला लेकरंबाळं आहेत हो."

साहेबांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"ठीक आहे," ते थंडपणे म्हणाले. "लिहा सगळं. मी काय हौसेने आलो होतो? कुणाच्या अर्जावरून आलो, तेही लिहा की. नाव का गाळलंत?"

"साहेब, हात जोडतो," नाना पुढे झाले.

"यांच्या!" साहेबांनी धाकट्याकडे बोट केलं. "यांनीच अर्ज दिला होता, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा म्हणून."

धाकट्याने मान वर केली. कोरड्या नळाकडे बघितलं, मग जळक्या घराकडे.

"खोटं आहे!" नाना ओरडले. "मीच बंद केला. रागाने केला. बाई, लिहा, माझी कबुली लिहा!"

"ऐकलंत ना?" साहेब म्हणाले. "कबुली आहे. घ्या लिहून."

बाईंच्या हातात पेन होतं आणि हात चालेना. खरं लिहावं तर एक भाऊ उभा जळणार, खोटं लिहावं तर दुसरा. गुन्हेगार सापडला होता आणि त्याचा कुणालाही काडीचा उपयोग नव्हता.

"लिहा, बाई," धाकटा म्हणाला. "अर्ज माझा होता."

तो तिथेच मातीत बसला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने भावाकडे तोंड केलं.

"नाना, तुला माहीत होतं?"

"तू चहाच्या टपरीवर मोठमोठ्याने सांगत होतास. मला ऐकू यावं म्हणूनच." नाना गुडघे धरत त्याच्या शेजारी टेकले. "दाब खरंच कमी होता रे. तू काही खोटं लिहिलं नव्हतंस."